गावासाठी विज्ञान व्याख्यान: कोकणातल्या कॉलेजात नव्याने जबाबदारी आलेल्यांसाठी

जून-जुलैत कॉलेजात समित्यांची वाटणी होते. परीक्षा, प्रवेश, क्रीडा ही खाती जुनीजाणती मंडळी उचलतात आणि विज्ञान मंडळ नव्याने रुजू झालेल्याच्या गळ्यात पडतं. सोबत सूचना मिळते ती एका ओळीची: वर्षात दोन-तीन व्याख्यानं घ्या, विज्ञान दिन साजरा करा, फोटो जपून ठेवा. मग तुम्ही रत्नागिरीच्या मुंबई विद्यापीठ उपकेंद्रात असा, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात असा की कणकवली-सावंतवाडीच्या एखाद्या कॉलेजात, पुढचं सगळं तुम्हालाच निस्तरायचं असतं. हा लेख अशा नव्या माणसासाठी आहे.

आधी एकच गोष्ट ठरवा. हे व्याख्यान वर्गातल्या मुलांसाठी आहे की गावासाठी? वर्गासाठी असेल तर सूचनाफलकावर कागद लावा, हजेरी घ्या, सभागृह भरेल. जाहीर व्याख्यानाला मात्र हजेरीचा धाक चालत नाही. तिथे निवृत्त पोस्टमास्तर येतात, आंबा बागायतदार येतात, आईचं बोट धरून आलेली पाचवीतली मुलगी येते, आणि यातलं कुणी कंटाळलं तर उठून जातं. या लोकांना डोळ्यांपुढे ठेवून आखणी करा. मुलं आपोआप येतात.

तारीख आणि वेळ

विषय-वक्ता ठरवण्याआधी कालनिर्णय आणि एसटीचं वेळापत्रक घेऊन बसा. जुलैत लावणी असते. गणपतीच्या आगेमागे कोकणात दुसरं काही होत नाही, आणि होऊही नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सत्र परीक्षा. फाल्गुनात शिमगा, आणि पौर्णिमा उलटली तरी पालख्या घरोघरी फिरत असतात. एप्रिलमध्ये आंबा. उरतो डिसेंबरचा शेवट, जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. हवा कोरडी, आकाश निरभ्र, रस्ते बरे. पहिलं व्याख्यान जानेवारीतल्या शनिवारी घ्या.

२८ फेब्रुवारीचा मोह सगळ्यांनाच असतो. रामन परिणामाचा शोध १९२८ साली त्या दिवशी लागला आणि १९८७ पासून तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. पण त्या दिवशी प्रत्येक कॉलेजाला वक्ता हवा असतो, बारावीची परीक्षा चालू असते, आणि आदल्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन असल्याने सभागृहाची सजावटही अजून उतरलेली नसते. त्या दिवशी मुलांचं प्रदर्शन भरवा. बाहेरच्या वक्त्याला दुसऱ्या तारखेला बोलवा.

वेळेचं गणित एसटी ठरवते. तालुक्याच्या ठिकाणी शिकणारी निम्मी मुलं गावाहून येतात, आणि एखाद्या गावाला संध्याकाळची वस्तीची गाडी सुटली की थेट दुसऱ्या दिवशीच दुसरी गाडी. पाचला सुरू झालेल्या व्याख्यानातून ही मुलं साडेपाचला उठायला लागतात आणि वक्त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. स्टँडवरच्या चौकशी खिडकीत जाऊन चार मुख्य मार्गांच्या शेवटच्या गाड्या लिहून आणा. माझं मत विचाराल तर एकाच दिवशी दोन कार्यक्रम ठेवा. सकाळी अकराला मुलांसाठी तासाभराची प्रात्यक्षिकं आणि गप्पा, आणि संध्याकाळी साडेपाचला गावासाठी व्याख्यान. वक्त्याला आधी कळवलं तर बहुतेक जण आनंदाने तयार होतात. एवढा प्रवास करून एकदाच बोलून परत जायचं, हे त्यांनाही फारसं रुचत नसतं.

विषय

'विज्ञान आणि आजचा युवक' हा विषय कुणी सुचवला तर हात जोडून नको म्हणा. विषयात प्रश्न असला पाहिजे, आणि तो शक्यतो इथल्या माणसाच्या जिभेवर आधीच असलेला. साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर का लागतो? हापूसमध्ये साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, का होतो? पौर्णिमेला उधाण का येतं? थंडीत रात्री लाटा निळ्या का चमकतात? विंचू चावला की माणूस कशाने दगावायचा, आणि आता कशाने वाचतो?

शेवटच्या प्रश्नामागे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम आहे. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध उपयोगी पडतं, हे त्यांनी ग्रामीण रुग्णालयात काम करता करता दाखवलं आणि ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. असा विषय घेतला की पुढच्या रांगेतल्या आजीही मान वर करून ऐकतात, कारण त्यांच्या घरातलं कुणीतरी विंचवाने गेलेलं असतं.

साक्याचा विषय घेतलात तर वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राचं नाव आलंच पाहिजे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तिथे 'रत्ना' ही जात तयार झाली, तिच्यात साका होत नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 'सिंधू' आली, जिची कोय अगदी पातळ असते. इतकं सांगितलं तरी बागायतदारांचे प्रश्न सुरू होतात. आणि हे प्रश्न सोपे नसतात, त्यामुळे वक्ता खरोखर त्यातला असावा.

उत्तर कोकणात असाल तर अलिबागची चुंबकीय वेधशाळा हा हक्काचा विषय. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे दिसत होतं, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवलं. इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला शंभरहून जास्त वर्षं एकाच किनाऱ्यावर माणसं बसली आहेत, ही गोष्टच एक व्याख्यान आहे.

आता एक सावधगिरी. सिंधुदुर्गात खगोलावर व्याख्यान ठेवलंत की कुणीतरी विजयदुर्ग आणि हेलियम काढणारच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा या भागातून गेला, किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवले जातात, आणि अनेक फलकांवर, भाषणांत इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर यांनी तिथे उभं राहून हेलियम शोधला असं सांगितलं जातं. लॉकियर त्या ग्रहणाला भारतात नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. त्यांनी ग्रहणात सूर्यज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी ग्रहणाशिवायही तो दिसतो हे ताडलं. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, त्या वर्णपटाचा वेध घेतला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना, म्हणून नवं मूलद्रव्य असावं असा तर्क झाला. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली, रॅम्से यांना. तेव्हा ओट्यांची गोष्ट जरूर येऊ द्या, गावाचा अभिमान आहे तो. पण निमंत्रणपत्रिकेवर 'हेलियमची जन्मभूमी' असं छापण्याआधी ती गोष्ट वक्त्याला दाखवा. खरी हकीकत कमी रंगतदार नाही. ती सांगितली तर पुढच्या वर्षी मुलं दुसऱ्या एखाद्या फलकाकडेही संशयाने बघतील, आणि विज्ञान मंडळाला आणखी काय हवं?

वक्ता कुठून आणायचा

नव्या माणसाची नजर लगेच मुंबई-पुण्याकडे जाते. जाऊ द्या, पण दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी पन्नास किलोमीटरच्या आत शोधा. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर, भूजल सर्वेक्षणातले भूवैज्ञानिक, कासवांची घरटी राखणारे वेळास-आंजर्ल्याचे कार्यकर्ते. यांना कुणी फारसं बोलवत नाही, आणि बोलवलं तर ते रात्री घरी परत जाऊ शकतात.

बाहेरून बोलवायचं असेल तर मराठी विज्ञान परिषदेला पत्र लिहा. १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगण्याचंच काम ती करते आणि तिचे विभाग महाराष्ट्रभर आहेत. पुण्याची खगोलशास्त्राची संस्था आयुका, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांच्याकडेही लोकांपुढे बोलायची सवय असलेली माणसं असतात. टीआयएफआरचा 'चाय अँड व्हाय' हा कार्यक्रम तर मुद्दाम संस्थेच्या भिंतींबाहेर, नाट्यगृहासारख्या ठिकाणी भरतो. तो जमलं तर एकदा बघून या. तिथे वक्त्याला मधेच थांबवून प्रश्न विचारलेले चालतात, आणि तेच शिकण्यासारखं आहे.

वक्त्याला फोन करताना पाच गोष्टी एका दमात सांगा: श्रोते कोण, भाषा कुठली, किती मिनिटं, प्रवास आणि राहण्याची सोय कोण करणार, मानधन किती. मानधनाचा विषय काढायला आपल्याकडे उगाच संकोच असतो. थोडं असेल तर थोडं आहे म्हणा, नसेल तर नाही म्हणा. शेवटच्या क्षणी पाकिटात काय आहे ते वक्त्याला कळणं, हे दोघांसाठीही अवघड. रेल्वेने येणार असतील तर पावसाळी वेळापत्रकाचं भान ठेवा, त्या महिन्यांत कोकण रेल्वेच्या गाड्या मुद्दाम हळू चालवतात. रात्रीच्या गाडीने येणारा माणूस पहाटे उतरतो. रत्नागिरीचं स्टेशन कुवारबावला, शहराबाहेर आहे. तिथे कुणीतरी न्यायला हवं, आणि आल्यावर लगेच प्राचार्यांच्या केबिनमध्ये न नेता आधी दोन तास झोपू द्यायला हवं.

परवानगी, प्रसिद्धी आणि गेटवरचा वॉचमन

विभागप्रमुखांच्या सहीने प्राचार्यांना अर्ज, सभागृहाची नोंद, खर्चाचा अंदाज, हे महिनाभर आधी. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, तुमच्या कार्यालयातले हेडक्लार्क माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

जाहिरात मात्र सविस्तर बघा. कॉलेजच्या ग्रुपवर टाकलेला संदेश कॉलेजातच फिरतो. गावाला बोलवायचं तर नगर वाचनालय, एसटी स्टँड, रिक्षा स्टँड, बाजारातलं औषधाचं दुकान इथे कागद लागले पाहिजेत. स्थानिक दैनिकाला चार ओळींची प्रेस नोट द्या. कागदावर तीन गोष्टी मोठ्या अक्षरात हव्यात: विषय प्रश्नाच्या रूपात, 'प्रवेश सर्वांना खुला, विनामूल्य', आणि संपायची वेळ. संपायची वेळ आपण कधीच लिहीत नाही. ज्याला सातची गाडी पकडायची आहे त्याला तीच हवी असते.

आणि वॉचमनला सांगा. ओळखपत्र नाही म्हणून गेटवर अडवलेला माणूस वाद घालत नाही, मुकाट परत जातो, आणि पुन्हा कधी येत नाही. गेटपासून सभागृहापर्यंत बाण लावा. दोन विद्यार्थी गेटवर उभे करा, त्यातली एक मुलगी असू द्या. संध्याकाळी एकट्या आलेल्या बायकांना बरं वाटतं.

सभागृह

पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात तिथे काही ठरवू नका. सर आली की माइकही हरतो. आदल्या दिवशी प्रोजेक्टर, वायर, जोडणीची कनेक्टरं, एक्स्टेन्शन बोर्ड वक्त्याच्या जागी उभं राहून तपासा. खारी हवा आणि दमट कपाट यांच्या कृपेने गेल्या वर्षी चाललेली वस्तू यंदा चालेल याची खात्री नसते. कॉलर माइकची जादा बॅटरी खिशात ठेवा. वीज जाणार असं धरूनच चाला. वक्त्याला आधी विचारून ठेवा की पडद्याशिवाय वीस मिनिटं बोलता येईल का, आणि फळा-खडू तयार ठेवा. खुर्च्या मोजक्या मांडा, भिंतीशी जादा रचून ठेवा. शंभर माणसं तीनशे खुर्च्यांत विखुरली की कुणी प्रश्न विचारत नाही.

कार्यक्रम

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, सत्कार, अध्यक्षीय मनोगत, आभार. यातलं सगळं केलं तर वक्त्याच्या वाट्याला उरतो दमलेला श्रोता. परंपरा मोडा असं म्हणत नाही, तुमची नोकरी नवी आहे. पण अध्यक्षांचं बोलणं सुरुवातीला पाच मिनिटांत आटपता येतं. ओळखीत पदव्यांची यादी न वाचता वक्ता नेमकं काय करतो ते दोन वाक्यांत सांगता येतं. सूत्रसंचालकाला चारोळ्यांपासून दूर ठेवता येतं. शाल-श्रीफळ शेवटी. बाराव्या मिनिटाला वक्ता उभा राहिला तर तुम्ही जिंकलात.

व्याख्यान चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं, प्रश्न अर्धा तास. खरी मजा प्रश्नांत असते आणि तीच आपण उरकून टाकतो. 'कुणाला काही शंका?' असं विचारून तीन सेकंदांत 'नाहीत, तर मग आभार' म्हणू नका. गप्प राहा, लोक धीर एकवटत असतात. सुरुवातीलाच कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या तर लाजणारे लिहून देतात, आणि सर्वांत चांगला प्रश्न बहुधा चिठ्ठीतूनच येतो. पहिला प्रश्न मुलांचा, हा नियम मंचावरूनच जाहीर करा. कारण प्रत्येक गावात एक सद्गृहस्थ असतात, जे प्रश्न म्हणून उठतात आणि स्वतःचं व्याख्यान सुरू करतात. त्यांच्याकडे माइक जाऊ देऊ नका, माइक स्वयंसेवकाच्याच हातात राहू द्या. कुणी मालवणीत विचारलं आणि वक्त्याला कळलं नाही तर तुम्ही सांगा. वक्ता 'मला माहीत नाही' म्हणाला तर ते झाकायला धावू नका.

हाताने करायचं काही

सकाळच्या कार्यक्रमासाठी महागडं साहित्य लागत नाही. टंचाईचा विषय असेल तर जांभ्या चिऱ्याचा एक तुकडा आणि तेवढाच काळ्या दगडाचा तुकडा आणा. दोन्ही कोरडे असताना वजन करा, आदल्या रात्री बादलीत बुडवा, सकाळी वरचं पाणी पुसून मुलांसमोर पुन्हा वजन करा. जांभ्याचा आकडा ठळक वाढलेला असतो, काळ्याचा जवळपास तोच. मग त्याच चिऱ्यावर वरून पाणी ओता आणि ते खालून कुठून बाहेर येतं ते बघायला सांगा. कातळावर पडलेला पाऊस सड्याच्या उतारावरून आणि जांभ्याच्या भोकांमधून किती झटपट समुद्राकडे निघून जातो, हे मुलं स्वतःच बोलू लागतात. विहिरींचा विषय तिथून पुढे.

किनाऱ्यालगत असाल तर व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी किनारा फेरी ठेवा. वेळ काढायला मच्छीमारांचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आलेला आकडा बारानंतरचे तास म्हणून धरायचा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. खडकांतले जीव बघायला समुद्र लांबवर आत जायला हवा, म्हणजे उधाणाचे दिवस हवेत, भांगाचे (भरती-ओहोटीत थोडाच फरक असण्याचे) नकोत. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया सोयीची: भरती दुपारी दीडला, तर ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. साडेसहाला जमलात की पाणी उतरत असताना तासभर मिळतो. छापील भरती-ओहोटी तक्त्याशी ताडून पाहाच, आणि पाणी वळलं की सगळ्यांना बाहेर काढणारा एक जण स्थानिक मच्छीमारांतला असू द्या.

या हिशेबातच एक चांगला पाठ दडलेला आहे. चंद्राच्या पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांचा फरक कुठे गेला? उत्तर देऊ नका. मुलांना महिनाभर जेटीवर नोंदी करायला सांगा आणि तक्ता भिंतीवर लावा. तालुक्यातल्या शाळांच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घ्यायची झाली तर मी असाच एखादा उपक्रम देईन. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांना भेटून तासभर मागून घ्या, वेगळा दिवस मागितलात तर शिक्षकांना रजेचा प्रश्न येतो.

दुर्बिणीतून आकाशदर्शन ठेवणार असाल तर शुक्ल अष्टमीच्या आसपास ठेवा. अर्ध्या चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडलेल्या दिसतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट दिसतो, आणि ताऱ्यांनाही घालवतो.

मे महिना कॉलेजला सुटीचा, पण गाव भरलेलं असतं. चाकरमानी मुलाबाळांसकट आलेले असतात आणि दुपारी कुणाला काही काम नसतं. शून्य सावलीचा दिवस नेमका याच महिन्यात येतो: मालवणात ४-५ मेला, रत्नागिरीत ७-८ मेला, अलिबागेत १४-१५ मेच्या सुमारास. जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्येही येतो, पण तेव्हा सूर्यच दिसत नाही. देवळाच्या पटांगणात एक पहार रोवा, ती सरळ उभी आहे की नाही ते गवंड्याच्या ओळंब्याने बघा, आणि बाराला न जमता सव्वाबाराला जमा. सूर्य डोक्यावर येतो साडेबारा-बारा पस्तीसला, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण ७३ अंशांच्या आसपास. हा पाऊण तासाच्या आतला फरक का, ते सावली आखडत असताना सांगा. लोक तेव्हा नीट ऐकतात. पाणी, टोप्या, आणि कुणीही वर सूर्याकडे बघायचं नाही ही ताकीद, एवढी तयारी पुरे.

नंतरचं काम

उपस्थितीपत्रक, तारीख-ठिकाण उमटणारे फोटो, एक पानी अहवाल. हे आयक्यूएसीला (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) त्याच आठवड्यात द्या, नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळी मागचं शोधत बसणं फार वाईट. बाहेरच्या लोकांसाठी वेगळं पान ठेवा आणि त्यावर गाव आणि फोन एवढंच मागा. पुढच्या वेळी फोन करायची यादी तिथेच तयार होते. वक्त्याचं प्रवासखर्चाचं बिल स्वतः लेखाविभागात नेऊन द्या आणि पैसे जमा होईपर्यंत पाठपुरावा करा. चिठ्ठ्यांमधले उत्तर न मिळालेले प्रश्न वक्त्याला पाठवा. उत्तरं आली की ती वाचनालयाच्या फलकावर लावा, आणि खाली पुढच्या व्याख्यानाची तारीख लिहा.